विषय क्रमांक सहा

सुस्थिती सभा, स्थापना एकोणीसशे एकोणतीस.
दर मंगळवारी साडेपाच वाजता, गणेशखिंडीच्या मागच्या इमारतीत.
खडकीच्या कारखान्याचा भोंगा झाला की दार बंद.
उशिरा येणाऱ्याने जिन्यावर बसायचं
आणि आत काय ठरत नाहीये ते ऐकायचं.

ब्रीद: बदल असावा, पण बेताने.
लाल झेंडेवाले आम्हाला म्हणत मुरांबा मंडळ.
आम्हाला म्हणजे त्यांना.
मी फक्त इतिवृत्त लिहीत होते.

अक्षर चांगलं म्हणून घेतलं मला.
टिल्लू अध्यक्ष, ओगले चिटणीस, पोंक्षे कोषाध्यक्ष,
कोषात बत्तीस रुपये आणि एक पितळी घंटा.
'ढमढेरे? म्हणजे तळेगावचे का?' टिल्लूंनी विचारलं.
हो म्हटलं. त्यांनी वहीत कसलीशी खूण केली.
तीन वर्षं वही माझ्याकडे होती,
ती खूण मला कधी सापडली नाही.

उपस्थिती चौदा, असं मी दर वेळी लिहीत असे.
खोलीत माणसं पंधरा.

खोटं कशाला बोलू, मला आवडायचं तिथे.
घटस्फोटापासून दूरदर्शनपर्यंत
प्रत्येक गोष्टीला ते आधी म्हणत, थांबा.
आमच्या घरी कुणी कशासाठी थांबत नसे.
वडिलांनी जमीन विकली, गाव सोडलं, दुसरी बायको केली,
सगळं एका उन्हाळ्यात.
मला तो शब्द माठातल्या पाण्यासारखा लागायचा.

मग पंचाहत्तरचा जून.
पोंक्षे आणि धाकटा लवाटे येरवड्यात.
त्या मंगळवारी कुणी घंटासुद्धा वाजवली नाही.
मी सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं:
लिहू काय?
कुणी बोलेना. मीच लिहिलं,
दोन सभासद रजेवर.
विषय: आंबेमोहोर तांदळाची घटती प्रत. चर्चा सविस्तर.

एकवीस महिने आम्ही तांदूळ निवडला.
खडे फार, दाणा तुटका,
वरून पॉलिश, शिजता शिजत नाही.
दोनदा साध्या कपड्यातले लोक येऊन वही वाचून गेले.
एकाने जाताना विचारलं,
मावळात बरा मिळतो ना?

लवाटे सुटून आला, बारीक झालेला,
आणि त्याने प्रस्ताव मांडला:
कु. ढमढेरे यांना सभासद करून घ्यावे.
विषय क्रमांक सहा. चर्चा सविस्तर.
ओगले म्हणाले, योग्यच आहे, पण बेताने.
निर्णय: पुढील सभेत.
अक्षर माझंच. 'पुढील'मधला ढ
आडनावातल्या ढसारखाच काढलाय, गाठ घट्ट.

पुढील सभेआधी माझी परीक्षा झाली, आणि लग्न.

परवा शार्विल ओक नावाच्या मुलाचा फोन.
सभेच्या शंभरीची तयारी चाललीय,
आमच्या पहिल्या महिला सभासद म्हणून तुमचा सत्कार,
शाल, नारळ, आणि एक जुना फोटो असला तर.

गेले. इमारत तीच, घंटा तीच, जिना वाढलाय.
भोंगा आता ऐकू येत नाही,
मुलं मोबाइल बघून दार लावतात.
एक मुलगी लॅपटॉपवर इतिवृत्त लिहीत होती.
तिचं नाव उपस्थितीत आहे का, ते मी आधी पाहिलं.
होतं.

म्हटलं, सत्त्याहत्तरची वही काढा.
हे बघा, विषय सहा. मी तुमची कुणीच नाही.
शार्विल हसला. मग आत्ताच घेऊ की,
हात वर करा रे.
आणि हात वर जायला लागले,
इतके पटापट,
की मलाच धडकी भरली.

थांबा, म्हटलं मी.

त्याच्याकडून पेन मागून घेतलं,
माझ्याच ओळीखाली लिहिलं:
चर्चा सविस्तर. निर्णय, पुढील सभेत.
नारळ घेतला. शाल तिथेच ठेवली.

औंधच्या बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं,
पेन माझ्याकडेच राहिलंय.
मंगळवारी द्यायला जावं लागणार.