डावीकडची चौथी फळी

दिवाळ्याच्या जेट्टीमागे, चिखलात कलंडलेली,
आत कोंबडीने अंडी घातलेली होडी
आम्हाला एकाच अटीवर मिळाली.
चांगुणाबाई म्हणाल्या, "तोरून जालायची नाय.
बाकी काय पन करा."

आम्ही सहा जण.
चष्म्याच्या दुकानातला अफरोज,
सिडकोतून निवृत्त झालेले आराखडेकार गोगटे,
दातांची डॉक्टर शाल्मली,
बारावीला दोनदा बसलेला प्रणय भोईर,
बेलापूर कोर्टात टंकलेखन करणारी मी,
आणि ढवळीकर, ज्यांना आपण इथे का येतो
हे शेवटपर्यंत सांगता आलं नाही.
लाकडाशी आमचा संबंध
पाट, पोळपाट आणि पलंग एवढाच.

पहिले काही रविवार रंग खरवडण्यात गेले.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली शेंदरी,
शेंदरीखाली पुन्हा निळा.
शाल्मलीने दवाखान्यातली हत्यारं आणली
आणि फटींतला जुना कापूस
इतक्या हलक्या हाताने उपटू लागली
की प्रणय म्हणाला, "मॅडम, भूल दिली का?"

गोगट्यांनी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला.
चांगुणाबाईंनी तो उलटा धरून पाहिला,
मग सुलटा,
मग त्यात सुकट बांधली.
"पठाण कुजलाय," त्या म्हणाल्या.
ढवळीकर मागे वळले, कोण आलं म्हणून.

पठाण म्हणजे होडीचा कणा
हे आम्हाला त्या दिवशी कळलं.
कुजलाय म्हणजे काय
ते पुढचे आठ महिने कळत राहिलं.

फळीला बाक द्यायचा तर
वर ओली पोती, खाली भुशाची धग,
आणि मग सगळ्यांनी मिळून टेकायचं.
तीन फळ्या कडकन गेल्या.
तिसरीच्या वेळी गोगटे लाकडाला असं काही बोलले
जे मी कोर्टातसुद्धा टाइप केलेलं नाही.
चौथी ढवळीकरांनी वाकवली, एकट्यांनी,
दुपारभर तिच्या कानाशी पुटपुटत.
फळीला कान असतो?
त्यांनी एका टोकाला डोकं टेकलं होतं, एवढंच आम्ही पाहिलं.

मार्चमध्ये त्यांची चंद्रपूरला बदली झाली.
हातमोजे खिळ्यालाच राहिले.

मग पुनवेच्या भरतीला
नारळ फुटला, होडी पाण्यात गेली
आणि पाणी होडीत.
वीस जागांनी.
अफरोज रुमाल कोंबतोय,
मी डब्याच्या झाकणाने उपसतेय,
प्रणय नुसताच "अरे, अरे" करतोय,
आणि काठावर पाय पसरून चांगुणाबाई हसतायत.
"पिऊं द्या तिला.
पाच वर्सां सुकी हाय."

तर आम्ही तिला बुडू दिलं.
आठ महिन्यांचे रविवार
गढूळ पाण्याखाली बघत बसलो.
पलीकडे उलव्याच्या इमारतींचे दिवे,
आम्ही जेट्टीवर, उशाला चपला,
दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेर
नातेवाईक बोलतात तसं बोलत:
भाजीचे भाव, कुणाची मुलगी, कुठली गाडी.

तिसऱ्या ओहोटीला उपसून पाहिलं.
फळ्या फुगून बसल्या होत्या
पंगतीत जागा नसताना बसतात तशा,
खांद्याला खांदा, कुणीच उठणार नाही अशा.
तळाशी एक निवटा
डोळे वर काढून आमच्याकडे बघत होता,
घरमालक भाडेकरूंकडे बघतो तसा.

आता ती जाते, कांदळवनाच्या कडेने, फार लांब नाही.
फक्त डावीकडची चौथी फळी गळते,
थेंब थेंब.
गोगटे म्हणतात, दोन तासांचं काम आहे.
दर रविवारी म्हणतात.
कुणीतरी तिच्याखाली करवंटी ठेवलीय.
भरली की जो जवळ असेल तो ओततो.

महिन्यातून एकदा ढवळीकरांचा फोन येतो.
हवापाणी होतं, तिकडचं ऊन होतं,
मग ते विचारतात, "आणि ती? गळते अजून?"
"हो, थोडी."
तिकडे खुर्ची
पुढे ओढल्याचा आवाज येतो.