गारगोटीच्या रेघा

नाना पेठेत ड्रेनेजच्या नव्या लाइनीसाठी
चर सहा फूट खाली गेलाय.
त्यातून शरणव्वा घमेल्यात बाटल्या आणते,
माझ्या ओट्यावर ओळीनं मांडते.
मुकादमानं सांगितलंय तिला,
म्हातारा कंपाउंडर होता, त्याला ओळखू येतात.

येतात, खरं आहे.
ही पहिली औषधाची नव्हेच, गोटी सोड्याची,
गळा फोडून गोटी कुणा पोरानं कधीच जिंकून नेलीय.
ती बाजूला.
दुसरीचा सांधा बघ, बाई,
अंगावरून चढत येतो आणि गळ्याशी थांबतो.
म्हणजे ओठ मागाहून बसवला, हातानं,
काच मऊ होती तोवर.
मशीनची असती तर रेघ थेट तोंडापर्यंत गेली असती.

ही निळी, सहा कोनांची, अंगावर उभे कंगोरे.
विष.
रात्री दिवा नसताना चाचपडणाऱ्या बोटांना कळावं म्हणून.
शरणव्वा कंगोऱ्यांवरून एक बोट फिरवते
आणि हात पदराला पुसते, दोनदा.

चपटीवर अक्षरं उठावाची. दात घासायच्या जुन्या ब्रशनं
माती काढली तेव्हा निघालं ‘बलानंद अर्क’,
पुढचं गाव फुटलेल्या टवक्याबरोबर गेलं.
लेबल कागदाचं. त्यावर असणार
ताप, पानथरी, मेंदूचा शीण, बाळंतरोग,
सगळ्यावर हेच, दिवसातून दोन चमचे.
ती यादी मातीनं खाल्ली.
मातीला गुण आला का, विचारायची सोय नाही.
‘दारू हुती काय ह्यात?’
निम्मी तरी.
‘मग गुण येत असंल.’

शेवटची साधी. नाव नाही, गाव नाही,
दवाखान्यातून घरी नेलेली.
आम्ही डोसांची कागदी पट्टी कातरून चिकटवायचो,
हिच्यावर पट्टीऐवजी रेघा आहेत,
गारगोटीनं ओढलेल्या, सहा, थोड्या तिरक्या.
घरातलंच कुणीतरी. वाचता न येणारं,
पण मोजता येणारं.
आणि आत, वाळून काचेला धरलेला
तपकिरी डाग,
चौथ्या रेघेच्या खाली.
दोन डोस उरले.

चाळीस वर्षं मी बाटल्या भरल्या.
उरलेलं औषध परत घेऊन येणारी माणसं
काउंटरवर काय सांगायची, ते मला पाठ आहे.
मी बाटली खाली ठेवली.

‘बरा झाला असंल की,’ शरणव्वा म्हणाली.
‘बरं वाटल्यावर कोण पितंय कडू?’

मी डागाकडे पुन्हा पाहिलं.
सांधा सांगतो, बुडबुडे सांगतात,
बुडाचा खळगा सुद्धा काही ना काही सांगतो.

चरातून शिट्टी वाजली.
तिनं चपटी मागून घेतली, खोबरेल ठेवायला,
बूच मिळेल का म्हणाली.
मी ट्रंकेत शोधायला आत गेलो.
साइज लहान निघाली. चिंधी गुंडाळून बसवली.