कॅनन, दोन

माझे वडील, सखाहरी गांगुर्डे,
देवळाली कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते.
मार्कर म्हणजे खेळणारा नव्हे.
खेळणाऱ्याच्या मागे, भिंतीला न टेकता
उभा राहणारा,
काठीला खडू देणारा, गुणांचा पितळी काटा सरकवणारा,
आणि एक चेंडू दोघांना शिवला की
वर न बघता म्हणणारा,
“कॅनन, दोन.”

संध्याकाळी रेंजवर तोफा उडायच्या.
तावदानं थरथरायची.
हिरव्या बनातीवरचा तांबडा चेंडू
मला नखभर हलल्यासारखा वाटायचा.
हीच ती कॅनन, असं मी धरून चाललो होतो;
डोंगरापलीकडे कोण खेळतंय
आणि वडील दोन गुण कुणाच्या नावावर मांडतात,
एवढंच कळत नव्हतं.

शाळेच्या फाटकाशी चांगुणाबाई बसे.
टोपलीत पिवळी, पाच धारांची करंबळं.
आडवं चिरलं की चांदणी.
वर मीठ, तिखट,
दात आंबून एक डोळा आपोआप मिटे.
पगाराच्या दिवशी वडील एक घेत, एकच.
कोटाच्या खिशात घालून रात्रीची पाळी करत
आणि घरी येऊन विळीवर चिरत.
आईला पहिली चांदणी,
मधल्या सगळ्या मला,
स्वतःला दोन्हीकडची टोकं.

मग टेबल विकलं गेलं.
त्याच्या पोटातल्या दगडी फरशा उतरवायला
चार माणसं लागली.
त्यांतले एक वडील.

परवा शरणपूरला रणभिसे बाईंकडे गेलो होतो,
त्यांच्या नातवाचा बोर्ड आणायला.
(मी कॅरमबोर्ड दुरुस्त करतो.
रविवार कारंजाजवळ, जिन्याखाली.
चौकट सैल झाली की सोंगटी कडेला जाऊन मरते,
परत येत नाही. एवढाच आजार, बाकी पॉलिश.)
बाई चष्मा शोधत म्हणाल्या,
“कॅरम हा शब्द कुठला रे?”
म्हटलं, इंग्रजी.
“करंबळ,” बाई म्हणाल्या.

असं म्हणतात हं,
कोशवाले काही शपथेवर सांगत नाहीत.
फळ इथलं, नावही बहुधा इथलंच.
पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर ते तोंडात घातलं
आणि कारांबोला म्हणत गलबतात भरलं.
फ्रान्सात कुणी बिलियर्डच्या तांबड्या चेंडूला
तीच हाक मारली. का,
ते चेंडूलाच ठाऊक.
पुढे चेंडूचं नाव टोल्याला गेलं,
टोल्याचं, आपटून उलट फिरण्याला.
इंग्रजांनी शेपूट तोडून कॅरम केलं,
त्यांतल्या काहींना तेही नीट ऐकू आलं नाही,
ते म्हणू लागले कॅनन.

“म्हणजे तोफ नाही?”
“तोफेचा काडीचा संबंध नाही,” बाई म्हणाल्या,
आणि चष्मा त्यांना डोक्यावरच सापडला.

रिक्षात बोर्ड मांडीवर उभा.
लिस्बनची कड, पॅरिसची कड, लंडनची कड.
चौथ्या कडेला, भिंतीला न टेकता,
माझे वडील.
ओठांवर तो शब्द,
खिशात तोच शब्द, पिकलेला,
कोटाला ओल आलेली.
एवढं फिरून घरी आलेल्याला
कुणी या, बसा म्हटलं नाही.
त्यांना तरी कसं कळणार,
पाहुणा नाव बदलून आला होता.

कारंजाच्या कोपऱ्यावर एका पोराच्या गाडीवर
ती दिसली, ड्रॅगनफ्रूटच्या शेजारी,
प्रत्येकीला जाळीचा पांढरा सदरा.
“करंबळ कशी दिली?”
पोरगं माझ्याकडे बघत राहिलं.
“स्टारफ्रूट म्हणा ना, काका. साठला दोन.”

दोन घेतली.
दुकानात रंध्याच्या पात्यानं चिरली,
मीठ नव्हतं.
टोकं आधी खाल्ली.