तिसऱ्या गिअरची खिंड

इद्वलची एमजी सोमवारी आली.
एकाहत्तर सालची, हिरवी, टप खाली, मार्चच्या थंडीतसुद्धा.
"खिंड पूर्वी चौथ्यात चढायची," म्हणाला,
"आता तिसऱ्यातही धापा टाकते. म्हातारी झाली बहुतेक."
शेजारी नेस्टा, मांडीवर थर्मास.
ती गाडीतून उतरलीच नाही.

म्हातारी झाली, हे निदान नव्हे.
ब्लायनायच्या या गॅरेजात वडिलांनी एवढंच शिकवलं मला:
आधी श्वास बघ, मग ठिणगी, मग तेल.
वय सगळ्यात शेवटी.

म्हणून आधी सपाट फरशीवर ढकलून पाहिली.
सरकली मुकाट. ब्रेक धरून बसलेले नव्हते.
प्लग काढले चारही: भाजलेल्या बिस्किटाच्या रंगाचे.
दाब मोजला: एकशे साठ, एकशे पंचावन्न,
एकशे अठ्ठावन्न, पुन्हा एकशे साठ.
माझा स्वतःचा इतका सरळ येत नाही.
टायमिंगच्या दिव्यात पांढरी खूण
जागच्या जागी उभी.
पंप टिकटिकला, बाटली वेळेत भरली.
डॅशपॉटमध्ये मात्र तेल कमी होतं.
सापडलं, म्हणून मी एकटाच ओरडलो,
चमचाभर ओतलं, हात पुसले
आणि खिंडीकडे निघालो.

पहिलं वळण. दुसरं.
तिसरा गिअर.
धाप.

गुरुवारी इंजिनवर ओणवा होऊन
थ्रॉटलचा दांडा हातानेच ओढला,
तशी ती अशी डरकाळली
की मागच्या डोंगरावरच्या खाणीच्या ढिगाऱ्यांनी
तिला उलट उत्तर दिलं.
मग मी गप्प झालो.
हाताने उघडते.
पायाने?

शेजारच्या कॅफेतली ग्वेनलियान येऊन बसली सीटवर, पीठ लागलेल्या हातांनी.
"तळापर्यंत दाब."
"दाबलाय."
"तळापर्यंत!"
"अरे, हाच तळ आहे!"
आणि इकडे कार्बुरेटरच्या घशातली झडप
अर्ध्यावर थबकलेली,
दारात उभं राहून आत यावं की नको ठरवणाऱ्या पाहुण्यासारखी.

दुखणं पायाशी, आणि मी चार दिवस
छातीला कान लावून बसलेला.

गालिचा उचलला. पेडलच्या बरोबर खाली
कापडाच्या खिशात शिवलेला
पाटीच्या दगडाचा तुकडा, अंगठ्याएवढा जाड.
टाके बारीक, एकसारखे, काळ्या दोऱ्याचे.
चॅपेलच्या पडद्यांना तेच टाके आहेत.
दर रविवारी प्रवचन लांबलं की मी ते मोजतो.

दोन वर्षांपूर्वी डावा मडगार्ड मीच रंगवला होता.
मेंढी आडवी आली, इद्वल म्हणाला होता,
कठड्याला जरा घासली, एवढंच.
डावीकडे नेस्टा बसते.
ती तेव्हाही काही बोलली नव्हती.

तुकडा बाकावर ठेवून मी चहा प्यायलो. दोन कप.
गिऱ्हाईक त्याचं. गाडी त्याची. बिलही तोच देणार.
खिंडीचा कठडा मात्र कमरेइतकाच उंच.

या गावात पाटी फोडायला शिकवावं लागत नाही कुणाला.
पातळ छिन्नी कडेला लावली, एक टिचकी,
आणि दगड पानासारखा उलगडून दोन झाला.
अर्धा परत खिशात.
टाके मी घातले मासे धरायच्या दोरीने,
वाकडे, एखाद्या दारुड्याच्या वाटेसारखे.

शुक्रवारी इद्वल चक्कर मारून आला, गाल लाल.
"चौथ्यात नाही, पण चढते की! काय होतं?"
"डॅशपॉटमध्ये तेल नव्हतं."
खोटं नव्हतं ते.
नेस्टाने थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं.

सोमवारी ती एकटी आली, चालत.
काउंटरवर काही न बोलता ठेवलं:
जाड सुई, काळ्या दोऱ्याचं रीळ.
"पुढच्या वेळी," म्हणाली.
मग खिडकीकडे पाहिलं.
काच लागू नये म्हणून तिथे मी
उरलेला अर्धा तुकडा अडकवला होता.
तिने तो काढला, तळहातावर तोलला,
आणि पर्समध्ये टाकला.

दिवसभर खिडकी आपटत राहिली.