सहा आकडे

निफाडच्या अलीकडेच, पुरतं उजाडायच्या आधी,
द्राक्षबागांतून धूर दिसायला लागला.
पारा चारवर. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून
रात्रभर शेकोट्या पेटवून बसलेली माणसं.
मागच्या सीटवरून आबा म्हणाले, "काच वर घे."
काच वरच होती.

नांदूरमध्यमेश्वर ठरलं ते ओवीच्या शाळेमुळे.
पक्ष्यांच्या वहीत वीस रकाने : नाव, संख्या, अंतर.
मी थालीपिठं घेतलेली, थर्मासमध्ये चहा, आबांची माकडटोपी,
आणि विलासची सूचना, त्यांना फार चालवायचं नाही.

चापडगावचा रोशन दराडे आमचा गाईड.
गळ्यातल्या दोन दुर्बिणींतली एक त्यानं आबांना दिली,
म्हाताऱ्यांना देतात तशी, पट्टा मानेत अडकवून :
"बाबा, हे चाक फिरवायचं."
आबांनी आधी कोपरं बरगड्यांना टेकवली.
श्वास अर्धा सोडला.
"एकटी बाभूळ. उजवीकडे चार बोटं. पाणकावळे, नऊ.
अंतर अकराशे."
रोशननं दुसरी दुर्बीण लावून मोजले.
नऊच.

मग सकाळभर तसंच.
तलवार बदक, थापट्या, चांदवे,
ओवी लिहितेय, आबा सांगताहेत,
आवाज कुणा भलत्याच माणसाचा, तरणा, कोरडा.
नावं रोशनची, आकडे आबांचे.
तेवढ्यात दलदली भोवत्या आला, पाण्यावरून खालून,
आणि अख्खा जलाशय एकदम उठला.

आबांनी दुर्बीण उतरवली नाही. तसेच बोलले.

"मी तोफेवर नव्हतो कधी."
आमच्या हॉलमध्ये त्यांचा तोफेशेजारचा फोटो आहे, देवळालीचा.
पाहुण्यांना आम्ही तोच दाखवतो.
"मी पुढे. मुनव्वर तवीच्या काठाला, एकाहत्तरला.
साहेब, मी, आणि वायरलेसवाला.
साहेब दुसऱ्या दिवशी गेले, मग दुर्बीण माझ्याकडे.
नदीपल्याड एक माणूस खेचराला गवत घालत होता.
स्वेटर तपकिरी. डावं कोपर उसवलेलं.
त्याच्यामागं झाडीत दारूगोळ्याच्या गाड्या.
मी गाड्यांचा आकडा दिला."

आणि त्यांनी तो म्हटला, एकेक अंक सुटा,
सहाच्या सहा.
स्वतःचा मोबाईल नंबर सांगायला
ते अजून खिशातली चिठ्ठी काढतात.

"पहिला गोळा पाण्यात. मी म्हणालो, शंभर वाढवा.
त्यानं वर बघितलं. पळायचं ना?
त्यानं खेचराचे कान झाकले.
दोन्ही हातांनी. दिवाळीत लेकराचे झाकतो तसे.
दुसरा पलीकडे गेला."

"मग?" ओवी.

"मग मी म्हणालो, पन्नास कमी."

विलास बुटाची नाडी बांधत बसला, बांधलेलीच.
बऱ्याच वेळानं म्हणाला, "आबा, कधी बोलला नाहीत."
"तुम्ही तोफेचं विचारायचात."

बदकं परत उतरत होती, जिथून उठली जवळपास तिथंच.
"असेच," आबा म्हणाले.
"धूर निवेपर्यंत वाळूवर बगळे आले परत.
पाव तास लागला नाही.
बगळ्यांचा मला राग यायचा.
तुझ्या आईला वाटायचं, मासे आवडत नाहीत म्हणून
मी गंगेवर यायला कुरकुरतो."

थालीपिठं गार झाली होती. तशीच खाल्ली.
रोशननंही एक घेतलं, लोणचं नको म्हणाला.

वहीत एकोणीस झाले होते.
ओवीनं विसाव्यात काहीतरी लिहिलं, मी डोकावले :
खेचर.
"अगं, तो पक्षी नाही."
"बाईंनी शिकवलंय. जलचर, भूचर, खेचर.
खेचर म्हणजे आकाशातून जाणारं."
मला पुढे बोलता येईना.
"संख्या एक," ती म्हणाली. "आबा, अंतर?"

आबा माकडटोपी काढून पुन्हा घालत होते.
"ते कमी-जास्त होतं," म्हणाले,
आणि दुर्बीण रोशनला परत दिली,
काचांना बोट न लावता,
पट्टा गुंडाळून,
मोजून तीन वेढे.