पहिली विनंती

वीस मिनिटं कुणी फिरकलं नाही
की सर्व्हर अंग टाकतो.
त्याचा काय दोष? स्वस्तातला प्लॅन,
सेटिंगच तसं:
रिकाम्या खोलीत दिवा कशाला.

मग पहाटे पाच चाळीसला
धायरीहून ढमढेरेबाई
नवऱ्याच्या डायलिसिसची वेळ बघायला
बोट टेकवतात.
तेव्हा कुठे तो उठतो, चूळ भरतो,
डेटाबेसची किल्ली चाचपतो.
चौदा सेकंद
नुसता पांढरा पडदा.

"मला वाटलं, सेंटरच बंद पडलं,"
फोनवर एवढंच म्हणाल्या.
चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रात्री कर्वेनगरच्या खोलीत
मी चार ओळी लिहिल्या.
दर दहा मिनिटांनी एक हाक:
आहेस ना?
दोनशे. म्हणजे, आहे.
आहेस ना?
दोनशे.
खाली दुधाचे क्रेट आदळेपर्यंत
लॉगमध्ये तेवढंच बोलणं.
कामाचं काही नाही,
उत्तर वाचणारंही कुणी नाही.

शुक्रवारी बाईंना कळवलं,
आता लगेच उघडेल.
"काय केलंत?"
झोपूच देत नाही त्याला, म्हटलं.
रात्रभर उगाच काहीबाही विचारत राहतो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
गॅस बारीक करून त्या परत आल्या.
"मीपण विचारते ह्यांना, अडीच-तीनला,
पाणी हवंय का.
पाणी तर मोजूनच द्यायचं असतं.
पण 'हूं' म्हणाले
की मग मला झोप लागते."