मनोऱ्यातली वही

गुडरून दारातच उभी राहिली, कोट न काढता.
"हार्टमूट गेला. काल पहाटे.
तुम्हीच बोला दोन शब्द. पण देव नको."
चहात साखर नको म्हणावं, तशी म्हणाली.

मी मान हलवली.
अकरा वर्षं या गावाची पाळक आहे मी,
'नको' आता अंगवळणी पडलंय.
इथे कोणी दार आपटत नाही, वाद घालत नाही.
कॉफी देतात, आलुबुखारचा केक देतात,
माझ्या गुडघ्याची चौकशी करतात,
आणि सुवार्तेचं नाव काढलं की
खिडकीबाहेर बघतात,
एल्बेचं पाणी किती चढलंय ते.

पालथ्या घड्यावर पाणी, असं वाटायचं सुरुवातीला.
मग कळलं, घडा पालथा नाही.
सरळ आहे, काठोकाठ भरलेला:
बाग, नातवंडं, रविवारची सायकल,
आणि शाळेत घोटून घेतलेला एक जुना धडा
की वर फक्त हवामान असतं.

हार्टमूट मात्र वर जायचा.
दर शनिवारी, एकशे बारा पायऱ्या.
चाळीस वर्षं त्यानं चर्चच्या घड्याळाला किल्ली दिली
आणि खाली बाकावर एकदाही टेकला नाही.
बाजूच्या दारानं यायचा, बाजूच्या दारानं जायचा.
एका नाताळात मी त्याला जिन्यात गाठलं,
जरा फुशारकीनंच म्हणाले,
"इतकं चढता, अजून थोडंच वर राहिलं."
त्यानं फडक्याला हात पुसले.
"पाळकबाई, लोकांना बस पकडायची असते."

त्या शनिवारी किल्ली द्यायला कोणी नव्हतं.
मीच चढले, दर वीस पायऱ्यांना थांबत.
कबुतरांची घाण, तेलाचा डबा,
खुंटीला सुतळीनं टांगलेली वही.
तारखा, आणि तारखांपुढे त्याचं ठेंगणं अक्षर:
'उणे चौदा. तेल घट्ट. चार मिनिटं मागे.'
'डावं वजन आधी. नाहीतर दोर रुसतो.'
'नोव्हेंबर. सगळे बर्लिनला गेले. घड्याळ बरोबर.'
'नव्या पाळकबाई. फार बोलतात. घड्याळ बरोबर.'
'उटे गेली. किल्ली दिली.'

कोण उटे?
अकरा वर्षांत मी विचारलं नव्हतं,
त्याला मुलं किती.
मी सांगत होते ना, मला वेळ कुठे होता.

दफनाच्या दिवशी शब्द पाळला. देव आणला नाही.
वही वाचली, पान पान.
'फार बोलतात'ला लोक हसले, मीही.
उटेच्या पानाशी थांबले, गुडरूनकडे पाहिलं.
तिनं डोळे मिटून मान हलवली.
वाचलं.
पाठीमागे कुणाची तरी खुर्ची करकरली,
बाकी काही नाही.
कबूल करते, प्रत्येक ओळीनंतर
मी एक 'आमेन' गिळला.
कोरड्या पावासारखा, पाण्यावाचून.

पुढच्या शनिवारी जिन्यात पावलं वाजली.
धापा टाकत गुडरून, हातात नवं फडकं.
"तुम्ही उजवं वजन आधी ओढता.
माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं."
मग बराच वेळ दम खात बसली.
"तुमची ती यादी असते ना रविवारी, नावांची.
त्यात उटेचं घालता येतं? विश्वास नसला तरी?"
"येतं."
"मग घाला. पण मी यायची नाही ऐकायला."
"बरं," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले.
जिभेवर केवढं तरी जमलं होतं,
वधस्तंभापासून रिकाम्या कबरीपर्यंत सगळं,
पण समोर एक बाई दोराला हात घालून उभी होती
आणि दोर जड होता.
दोघींनी मिळून ओढला. डावा आधी.

खाली चौकातून बस निघून गेली,
दोन मिनिटं लवकर.
की आम्हीच मागे होतो, कोण जाणे.